विंडोज नव्याने टाकली आणि आता म्हणतंय अँटीव्हायरस सापडत नाही? मग हे या क्रमाने बघा

फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकली, अँटीव्हायरस परत टाकला, खाली घड्याळाशेजारी त्याचा आयकॉनही दिसतोय, आणि तरी ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित रस्ता, जोडायला गेलं की लाल अक्षरात येतं की या मशीनवर अँटीव्हायरस नाही. किंवा विंडोज सिक्युरिटी उघडली की पिवळा त्रिकोण वाकुल्या दाखवतो. मग बहुतेक जण काय करतात, तर अँटीव्हायरस काढतात, परत टाकतात, परत काढतात, शेवटी वैतागून शेजारच्याने सांगितलेला दुसराच टाकतात, आणि आता दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर, मशीन गोगलगाय झालेलं आणि व्हीपीएन अजून बंदच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून ११ टाकून घेणारे वाढलेत आणि हा प्रश्नही वाढलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अँटीव्हायरस चालू असणं वेगळं, तो चालू आहे हे विंडोजला माहीत असणं वेगळं, आणि व्हीपीएन किंवा बाहेरच्या कुणी तपासणाऱ्याला ते दिसणं आणखी वेगळं. मधे सिक्युरिटी सेंटर नावाची विंडोजची एक सर्व्हिस बसलेली असते, प्रत्येक अँटीव्हायरसने तिच्याकडे आपलं नाव नोंदवायचं असतं आणि विचारणारे बरेचसे तिथेच विचारतात. म्हणजे पोरगं वर्गात बसलंय पण हजेरीपटावर नाव चढलेलं नाही, असा प्रकार असू शकतो. अशा वेळी पोराला दहा वेळा घरी पाठवून परत आणलं तरी उपयोग नाही, हजेरीपट बघायला लागतो. तर यातली कुठली पायरी तुटलीय ते आधी शोधायचं, मग हात लावायचा.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न, विंडोज "नव्याने टाकली" म्हणजे नक्की काय केलं? पेनड्राइव्हवरून सी ड्राइव्ह पुसून कोरी टाकली, की सेटिंग्जमधून रिसेट करून "माझ्या फाइल्स ठेव" वालं बटण दाबलं, की जुन्यावरच नवी चढवली? हे तिन्ही लोक फॉरमॅट म्हणूनच सांगतात. रिसेटमध्ये तुमचे फोटो-डॉक्युमेंट राहतात पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम सगळे उडतात, अँटीव्हायरससकट, आणि काय काय उडवलं त्याची यादी डेस्कटॉपवर एका फाइलमध्ये ठेवलेली असते, ती कुणी उघडून बघत नाही. जुन्या अँटीव्हायरसचा फोल्डर विंडोज डॉट ओल्डमध्ये नाहीतर डी ड्राइव्हवर सापडतो म्हणून "आहे की माझ्याकडे" असं वाटतं, पण नुसता फोल्डर असणं म्हणजे इन्स्टॉल असणं नाही. उलट जुन्यावरच नवी चढवली असेल तर जुन्या अँटीव्हायरसच्या नोंदी तशाच पुढे येतात, काढून टाकलेल्याच्या सुद्धा, त्याचं खाली सांगतो.

आता घड्याळ. हसू नका, यात खूप जण अडकतात. विंडोज टाकताना रिजन युनायटेड स्टेट्स तसाच सोडून नेक्स्ट नेक्स्ट केलं की टाइमझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहतो. मग खाली वेळ चुकीची दिसते म्हणून माणूस टाइमझोन न बदलता नुसते काटे पुढे सरकवतो. आता दिसायला घड्याळ बरोबर, पण मशीन आतून जगाच्या साडेबारा-साडेतेरा तास पुढे. वेबसाइटची सर्टिफिकेट तपासताना, अँटीव्हायरसचं लायसन्स ॲक्टिव्हेट करताना, ऑफिसच्या लॉगिनला अशा मशीनचं काही खरं नसतं. ऑफिसच्या डोमेन लॉगिनमध्ये तर सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजला जाऊन टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक ५:३० करा, वेळ आपोआप घ्यायचं बटण चालू करा, सिंक नाऊ दाबा. शेजारी लिनक्स पण असेल आणि विंडोजचं घड्याळ दर वेळी बरोब्बर साडेपाच तास मागे जात असेल तर ते वेगळं प्रकरण, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो. आणि जुना डेस्कटॉप वीज गेली की काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदला, किरकोळ किमतीत मिळतो.

त्यानंतर विंडोज अपडेट, आणि हे अँटीव्हायरस टाकण्याच्या आधी. पेनड्राइव्हवरची विंडोज कधीची आहे कुणास ठाऊक, दोन-तीन वर्षांपूर्वी बनवलेला पेनड्राइव्ह घरात सगळे वापरत असतात. तेवढ्या जुन्या आवृत्तीवर आजचा अँटीव्हायरस टाकला की कधी तो टाकूनच घेत नाही, कधी टाकला जातो पण त्याची सर्व्हिस उठत नाही, आयकॉन मात्र दिसतो, आणि मग आपण गोंधळतो. अपडेट एकदा करून थांबू नका, रिस्टार्ट झाल्यावर परत चेक फॉर अपडेट्स दाबा, जोपर्यंत ते "अप टु डेट" म्हणत नाही तोपर्यंत. आणि रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच करा, शट डाउन करून परत चालू करणं म्हणजे तेच नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज आतला बराच भाग तसाच डिस्कवर झोपवून ठेवते. हे माहीत नसल्याने "दहा वेळा बंद-चालू केलं" म्हणणाऱ्याने एकदाही खरं रिस्टार्ट केलेलं नसतं.

लॅपटॉप कंपनीच्या रिकव्हरीतून विंडोज परत आणली असेल तर तिच्यासोबत फुकटची ट्रायल पण परत आलेली असते, बऱ्याच लॅपटॉपवर ती मॅकॅफीची असते. ती हजेरीपटावर आधीच बसली की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला सरकतो, आणि तुम्ही वरून तुमचा टाकला की तिघांचा तमाशा. ट्रायल वापरायची नसेल तर सरळ काढा, आधी सेटिंग्जमधल्या ॲप्समधून, रिस्टार्ट, आणि तरी अवशेष राहिले तर त्या कंपनीचं स्वतःचं सफाई टूल असतं ते चालवा. मॅकॅफीचं एमसीपीआर, अवास्टचं अवास्ट क्लिअर, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रिइन्स्टॉल, इसेटचं अनइन्स्टॉलर, ते सेफ मोडमध्ये चालवायचं असतं. ही टूल्स कंपनीच्या साइटवरूनच घ्या. गुगलवर शोधून वर आलेल्या पहिल्या जाहिरातीवरून नको, आणि तिथे "हेल्पलाइन" म्हणून दिलेल्या नंबरवर तर अजिबात फोन करू नका, तो माणूस एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचं मशीन चालवायचं ॲप, टाकायला लावतो आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता मुख्य तपासणी. विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली डावीकडे सेटिंग्ज, तिथे मॅनेज प्रोव्हायडर्स. हाच तो हजेरीपट. इथे अँटीव्हायरसच्या खाली कुणाकुणाची नावं आहेत आणि कोण चालू कोण बंद ते दिसतं. तुमच्या अँटीव्हायरसचं नाव इथे आहे आणि तो चालू दिसतोय, तर विंडोजची बाजू ठीक आहे, दोष व्हीपीएनच्या बाजूला, थेट खालच्या व्हीपीएनच्या भागावर जा. नाव आहे पण बंद किंवा जुना दिसतोय, तर लायसन्स आणि अपडेट बघा. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांची लायसन्स की आपल्याकडे अजून कॉम्प्युटरच्या दुकानातून डब्यात मिळते, आणि एका कीवर किती मशीन हे ठरलेलं असतं. फॉरमॅटनंतर तेच मशीन सर्व्हरला नवीन वाटू शकतं आणि की "आधीच वापरली" म्हणून येते. तर फॉरमॅट करायच्या आधीच जमलं तर जुन्यावरून डीॲक्टिव्हेट करून घ्यावं, नाही जमलं तर त्यांच्या कस्टमर केअरला की आणि नोंदणीचा मोबाइल नंबर सांगून सोडवून घ्यायचं. ॲक्टिव्हेट होईपर्यंत बरेचसे अँटीव्हायरस अपडेट घेत नाहीत, आणि अपडेट नसलेल्याला व्हीपीएन दारात उभं करत नाही.

नावच नाही, तर थोडं आत जायला लागेल. पुढच्या कमांड मी तोंडाने सांगितल्यासारख्या लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडा आणि गेट, डॅश, एमपीकॉम्प्युटरस्टेटस जोडून, एंटर. लांबलचक यादी येते, घाबरू नका, त्यातली एएमरनिंगमोड नावाची ओळ बघा. नॉर्मल असेल तर डिफेंडर स्वतः राखण करतोय, पॅसिव्ह असेल तर त्याने दुसऱ्या कुणाला पुढे केलंय. आणि कमांडच लाल एरर देत असेल तर डिफेंडरची सर्व्हिसच बंद आहे, मग दुसरा अँटीव्हायरस खरंच काम करतोय का नाहीतर दोघंही झोपलेत ते बघायला लागेल.

ज्यांना खोलात जायची हौस आहे त्यांच्यासाठी अजून एक. गेट डॅश सिमइन्स्टन्स, मग डॅश नेमस्पेस रूट स्लॅश सिक्युरिटीसेंटर२, मग डॅश क्लासनेम अँटीव्हायरसप्रॉडक्ट. सी-आय-एम असं सिम बरं का, मोबाइलचं सिम नाही. यात प्रत्येक नोंदलेल्या अँटीव्हायरसचं नाव, त्याच्या फाइलचा पत्ता आणि प्रॉडक्टस्टेट म्हणून एक आकडा येतो. समजा ३९७५६८ आला. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडला लावा, तो आकडा टाका, हेक्स (सोळा अंकांची मोजणी) समोर ६११०० दिसेल, पुढे शून्य लावून ०६ ११ ०० असे जोड्यांनी वाचा. मधली जोडी १० किंवा ११ म्हणजे चालू, ०० किंवा ०१ म्हणजे बंद, शेवटची ०० म्हणजे अपडेटेड, १० म्हणजे जुना. ३९३४७२ चं हेक्स ०६ ०१ ००, म्हणजे बंद. २६६२५६ चं ०४ १० १०, म्हणजे चालू आहे पण अपडेट शिळं. मायक्रोसॉफ्टने हे कुठे नीट छापलेलं नाही, लोकांनीच आकडे जुळवून काढलंय, पण घरगुती तपासाला पुरतं. जुन्यावर नवी विंडोज चढवलेल्यांनी इथे फाइलचा पत्ता खास बघा, दोन वर्षांपूर्वी काढलेल्या अँटीव्हायरसचं भूत नोंद धरून बसलेलं असतं आणि दिलेल्या पत्त्यावर फाइलच नसते. त्याच कंपनीचं सफाई टूल चालवलं की बहुतेक वेळा भूत उतरतं. नाही उतरलं तर तोच अँटीव्हायरस पुन्हा टाकून रीतसर काढायचा, हा उपाय येडपट वाटतो पण चालतो.

कमांडने काहीच दाखवलं नाही किंवा एरर आली तर सिक्युरिटी सेंटरची सर्व्हिसच बंद पडलेली असू शकते. सर्व्हिसेस उघडून सिक्युरिटी सेंटर शोधा, रनिंग दिसायला हवी. डिसेबल्ड असेल आणि बदलायचा रकाना पुसट असेल, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही, रेजएडिटने उघडते) एचकेइवाय लोकल मशीनखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, डब्ल्यूएससीएसव्हीसी इथे स्टार्टची किंमत ४ असेल ती २ करून रिस्टार्ट. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी ती की एक्सपोर्ट करून ठेवा. एवढ्याने नाही झालं तर विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, डिस्म, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ, आणि ते संपल्यावर एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ, याच क्रमाने, नेट चालू ठेवून. यूट्यूबवर एक जण डब्ल्यूएमआय रिपॉझिटरी, म्हणजे ज्या कोठारातून वरची सिमची कमांड माहिती काढते ते, थेट रिसेट करायला सांगतो. नका करू, बाकीच्या प्रोग्रामच्या नोंदी पण उडतात. आधी विनमॅनेजमेंट, म्हणजे विन-एमजीएमटी, स्लॅश व्हेरिफायरिपॉझिटरी चालवा, ते कन्सिस्टंट म्हणालं तर तिकडे बघूच नका.

आता जरा नाजूक विषय. विंडोज कुणी टाकली? गल्लीतल्या दुकानात तीन-चारशे रुपयांत टाकून घेतली असेल तर वरचं सगळं करूनही गाडी अडते, कारण ती विंडोज मुळात छाटलेली असते. हलकी, गेमिंग, लाइट अशा नावांनी फिरणाऱ्या आयएसओमधून (विंडोज टाकायच्या फाइलमधून) डिफेंडर आणि सिक्युरिटीचं ॲप खरवडून काढलेलं असतं. ओळखायची खूण सोपी, विंडोज सिक्युरिटी उघडायला गेलात की "ही विंडोजडिफेंडर लिंक उघडायला नवीन ॲप लागेल" असा मेसेज येतो, किंवा पान पांढरंफेक. घरच्या मशीनवर "तुमच्या आयटी ॲडमिनिस्ट्रेटरने ॲक्सेस मर्यादित केलाय" असं दिसलं तर पण बहुधा तेच, कुणीतरी स्क्रिप्ट चालवून पॉलिसी लावलीय. कोरी मूळ विंडोज ११ असेल आणि नुसतं ॲपच रुसलं असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, सिस्टिम कंपोनंट्स, विंडोज सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सला जाऊन रिपेअर आणि मग रिसेट करून बघा, त्याने सुटतं. छाटलेल्याला रिपेअर नसतो.

दुकानवाल्याची दुसरी खोडी म्हणजे एक्सक्लूजन्स, म्हणजे डिफेंडरने तपासू नये अशा जागांची यादी. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली एक्सक्लूजन्स आहे, ते आत्ताच्या आत्ता उघडून बघा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा कुठला ओळखू न येणारा फोल्डर टाकलेला असेल, तर ॲक्टिव्हेशनचा क्रॅक (विंडोज पैसे न भरता चालू करणारा चोरटा प्रोग्राम) डिफेंडरने पकडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. म्हणजे घराला कुलूप आहे आणि मागचं दार सताड. डिफेंडर ज्याला हॅकटूल ऑटोकेएमएस म्हणतो ते हेच. लोक म्हणतात अँटीव्हायरस उगाच ओरडतो, तर उगाच नाही ओरडत. ऑफिसच्या तपासणीत अशा मशीनला पास मिळणं कठीण आणि मिळू पण नये.

यातली चीड आणणारी गोष्ट ही की बहुतेकांना त्या क्रॅकची गरजच नसते. ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर त्याची विंडोजची की मदरबोर्डवरच्या बायोसमध्येच असते, तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली आणि नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. लॅपटॉपसोबत आलेली असते होम, दुकानात सवयीने टाकतात प्रो, मग ॲक्टिव्हेट होत नाही, मग क्रॅक. तेव्हा आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि होमला होम टाका. डेटा आधी दुसरीकडे काढून ठेवा, आणि तो परत घेताना आधी डिफेंडरने स्कॅन करा, झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह असेल तर विशेषच.

मूळ कोऱ्या विंडोज ११ वर अजून एक पाहुणा असू शकतो, स्मार्ट ॲप कंट्रोल. तो कोऱ्या इन्स्टॉलवर सुरुवातीला नुसता बघत असतो आणि पुढे ठरवतो चालू राहायचं का बंद व्हायचं. चालू झाला तर ओळखीचे नसलेले, कंपनीची डिजिटल सही नसलेले इन्स्टॉलर अडवतो, ऑफिसने दिलेलं जुनं टूल त्यात अडकू शकतं. लॅपटॉप एस मोडमध्ये असेल तर स्टोअरच्या बाहेरचं काहीच लागत नाही, आणि स्नॅपड्रॅगनवाला, म्हणजे आर्म जातीचा प्रोसेसर असलेला, असेल तर अँटीव्हायरसची आर्मसाठीची आवृत्ती आहे का ते बघूनच पैसे भरा.

विंडोज सगळं नीट दाखवतेय तरी व्हीपीएन नाही म्हणतंय? परदेशात शिकणाऱ्या पोरांना काही विद्यापीठांच्या नेटवर्कवर पण अशीच तपासणी लागते. पहिलं म्हणजे व्हीपीएनचा क्लायंट, म्हणजे तुमच्या मशीनवरचा त्याचा प्रोग्राम, नवा आहे का बघा, त्याच्याकडे अँटीव्हायरसच्या आवृत्त्यांची स्वतःची यादी असते आणि जुन्या क्लायंटला तुमची आजची आवृत्ती ओळखू येत नाही. दुसरं, नुसता अँटीव्हायरस असून भागत नाही, बऱ्याच ठिकाणी नियम असतो की मागच्या काही दिवसांत फुल स्कॅन झालेला हवा. कोऱ्या विंडोजवर तो कधीच झालेला नसतो. मघाच्याच एमपीकॉम्प्युटरस्टेटसच्या यादीत फुलस्कॅनएज बघा, तिथे ४२९४९६७२९५ असा आकडा दिसेल. एवढे दिवस झाले असा अर्थ नाही, "कधीच नाही" ला तिथे तसं लिहितात. पण तपासणारं सॉफ्टवेअर तो आकडा सरळ वाचून नापास करू शकतं. रात्री झोपताना फुल स्कॅन लावा, लॅपटॉप चार्जरला, स्लीप बंद, सकाळी परत जोडून बघा. आणि अँटीव्हायरस खरंच पकडतोय का याची खात्री हवी असेल तर आयकार संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते, ती उतरवायला गेलात की लगेच ओरडायला हवा.

एवढ्याने नाही झालं तर ऑफिसच्या आयटीकडेच जायचं, आणि मशीन कंपनीचं असेल तर खरं म्हणजे पहिल्यांदाच तिकडे जायचं होतं, त्यांचा एजंट, म्हणजे मशीनवर लक्ष ठेवणारा कंपनीचा प्रोग्राम, तुमच्या हाताने टाकून नोंदला जाईलच असं नाही. फॉरमॅटनंतर मशीनचं नाव डेस्कटॉप डॅश काहीतरी अगम्य असं होतं आणि त्यांच्या यादीत अजून जुनंच नाव असतं, निम्म्या तक्रारी तिथेच अडकून पडतात. "व्हीपीएन चालत नाही, अर्जंट" असं तिकीट टाकू नका, त्यावर "रिस्टार्ट करून बघा" हेच उत्तर येणार. असं लिहा: अमुक तारखेला विंडोज ११ कोरी टाकली, मशीनचं जुनं नाव हे, नवं नाव हे, अँटीव्हायरस आणि त्याची आवृत्ती ही, मॅनेज प्रोव्हायडर्समध्ये चालू दिसतो, फुल स्कॅन या तारखेला झाला, व्हीपीएन क्लायंटची आवृत्ती ही, एरर या वेळेला आली. सोबत मॅनेज प्रोव्हायडर्सचा आणि एररचा असे दोन स्क्रीनशॉट, मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून नको.